हॅलो म्हणायचं नाही, सर म्हणायचं नाही

पुण्यातल्या आमच्या संगणक क्लबाच्या चॅनलवर चौदा नियम आहेत. नवा सदस्य आत आल्याबरोबर बॉट, म्हणजे आपोआप बोलणारा प्रोग्रॅम, ते त्याच्या हातात ठेवतो. बरेचसे कुठल्याही सभ्य जागी शोभतील असे आहेत; शिव्या देऊ नयेत, जाहिराती करू नयेत, वगैरे. मग नववा नियम येतो : ‘चॅनलवर किराणा मालाची यादी टाकू नये.’ नवा माणूस इथं थबकतो. आपण लिनक्स शिकायला आलोय की वाण्याकडे, असा प्रश्न त्याला पडतो. जुन्या सदस्यांना मात्र अर्धा किलो शेंगदाणे, हिंगाची छोटी डबी आणि ‘साबण मागच्या वेळचा नको’ हे अजून तोंडपाठ आहे. एका सज्जन गृहस्थांची खिडकी चुकली होती. यादी जायची होती घरी, ती गेली साठ लोकांकडे. त्यातल्या एकानं ‘मागच्या वेळचा कुठला होता?’ असं विचारलं आणि पुढचा अर्धा तास क्लबाची तांत्रिक चर्चा साबणावर झाली.

तेव्हापासून नियमांची कुठलीही यादी मी अशीच वाचतो. नियम हा पंचनामा असतो, आणि त्यामागे एक हाडामासाचा माणूस असतो. बहुतेक वेळा अजून सदस्य असलेला. ‘रात्री अकरानंतर एडिटरवरून वाद घालू नये’ (एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साधन) या नियमामागे दोघं आहेत, कारण हा वाद एकट्याला घालता येत नाही. ‘बॉटला बाहेर काढू नये’ यामागे कोण आहे हे बॉटला माहीत आहे आणि तो ते विसरलेला नाही.

चॅनल म्हटल्यावर ज्यांना फक्त टीव्ही आठवतो त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, हा गप्पांचा प्रकार व्हॉट्सॲपपेक्षा वीसेक वर्षांनी थोरला. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन हा तरुण एका विभागाचा सर्व्हर सांभाळत होता आणि त्या सांभाळण्यात त्याचा सगळा दिवस जात नव्हता. मोकळा वेळ आणि सर्व्हरच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असल्या की काहीतरी घडतंच. १९८८च्या ऑगस्टमध्ये आयआरसी घडलं. ते आजही चालू आहे आणि दिसतंही जवळपास तसंच : काळी खिडकी आणि तिच्यात खालून वर सरकत जाणाऱ्या ओळी. फोटो नाही, आवाज नाही, सकाळी सहा वाजता येणारं गुलाबाचं फूल नाही. चॅनलच्या नावाआधी # असतं, हुकूम द्यायचा तर ओळीच्या सुरुवातीला तिरकी रेघ द्यायची, आणि ज्याच्या नावाआधी @ दिसेल त्याच्याशी जरा जपून बोलायचं.

यात एक मोठी मेख आहे. मूळ आयआरसीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही जोडलेले असाल तेवढंच तुम्हाला दिसतं. तुमच्या आधी काय झालं, तुमच्यामागे काय बोललं गेलं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून मुरलेले लोक बाहेर पडतच नाहीत. कधीही बंद न होणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालू ठेवायचा आणि निघून जायचं. ऑफिसला, लग्नाला, कोकणात. नाव यादीत तसंच. आमच्या चॅनलवर कुठल्याही वेळी साठेक नावं असतात आणि जागे असतात तिघं, त्यात एक बॉट. एखाद्याबद्दल चौकशी केली तर सर्व्हर सांगतो की हे गृहस्थ नऊ दिवसांत एक अक्षर बोललेले नाहीत. त्यापुढचं सर्व्हरला माहीत नसतं.

इथून पहिला नियम निघतो : ‘विचारा आणि थांबा.’ नवा माणूस साठ नावं बघतो आणि त्याला वाटतं, सभागृह गच्च भरलंय. तो प्रश्न टाकतो. दोन मिनिटं जातात. निळी टिक दिसत नाही, ‘टायपिंग’ असं काही हलताना दिसत नाही. एवढे लोक बसलेत आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटू नये! तो दुखावला जातो, आणि निघून जातो. पस्तीस मिनिटांनी कुणीतरी जेवून येतो, प्रश्न वाचतो, आणि तीन टप्प्यांत, उदाहरणासह, उत्तम उत्तर लिहितो. जो माणूस आता तिथं नाही त्याला. आमच्या चॅनलच्या जुन्या नोंदी चाळल्या तर अशी कितीतरी उत्तरं सापडतात. अचूक, सविस्तर आणि कुणालाही न मिळालेली. नोंदी ठेवणारा सदस्य म्हणतो की क्लबानं केलेलं सर्वांत चांगलं लेखन हेच आहे.

पण खरा रंग भरतो दुसऱ्या नियमात. ‘विचारू का, असं विचारू नये. थेट विचारावं.’ जगभरच्या तांत्रिक चॅनलांवर हा नियम आहे आणि जगभर तो मोडला जातो, पण मराठी माणूस तो मोडतो तेव्हा त्यात घराण्याची गायकी असते. एक नमुना :

नवा : नमस्कार
नवा : कुणी आहे का?
नवा : एक प्रश्न होता
नवा : विचारू का?
जुना : विचार.
नवा : लिनक्सबद्दल आहे
नवा : इथंच विचारायचा ना?
जुना : हो.
नवा : तसा साधाच आहे, हसू नका
जुना : विचार.
नवा : इथं कुणाला प्रिंटरमधलं कळतं का?

यानंतर चॅनलवर जी शांतता पसरते ती समजून घेतली पाहिजे. जागे असलेल्या दोघांनाही प्रिंटरमधलं कळतं. पण ‘मला कळतं’ असं म्हणणं म्हणजे न पाहिलेला प्रिंटर दत्तक घेणं. तो कुठल्या कंपनीचा, किती जुना, कुणाच्या माळ्यावरचा, काही माहीत नाही. आणि एकदा हात वर केला की तो प्रिंटर भंगारात जाईपर्यंत आपलं नाव त्याला चिकटलेलं. म्हणून दोघंही गप्प. त्यानं जर ‘अमुक प्रिंटर, अमुक आवृत्ती, कागद आत जातो पण कोरा बाहेर येतो’ एवढं एका ओळीत लिहिलं असतं, तर उत्तर मिनिटात मिळालं असतं.

नव्या माणसाचीही बाजू आहे. आपल्याकडे कामाचं थेट बोलणं हा उर्मटपणा मानतात. शेजाऱ्याकडे शिडी मागायला गेलेला माणूस आधी पावसावर बोलतो, मग मुलाच्या टक्क्यांवर, मग महापालिकेवर. चहा होतो. तो निघतो, चपला पायात सरकवतो, आणि दारात वळून म्हणतो, ‘अरे हो, शिडी आहे का हो तुमच्याकडे?’ शेजाऱ्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं की हा शिडीसाठी आलाय. तरी दोघंही शिडीचं नाव काढत नाहीत. चॅनलचा नियम सांगतो की दार वाजवा आणि म्हणा : शिडी हवी, दहा फुटी, आज संध्याकाळपर्यंत, मी स्वतः नेईन. असं खरोखर कुणी केलं तर शेजारी शिडी देईल, पण रात्री जेवताना विषय दुसरा नसेल.

या बाबतीतला जुना कागद म्हणजे आरएफसी १८५५; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराची क्रमांक घातलेली टिपणं. इंटरनेटवर कसं वागावं याचं हे टिपण इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तयार केलं आणि ते १९९५च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात चॅटबद्दल गंभीरपणे सांगितलंय की आत आल्यावर प्रत्येकाला वेगवेगळा नमस्कार करण्याची गरज नाही, एकदाच केलेला सगळ्यांना पुरतो. आणि नमस्कार करायचं काम प्रोग्रॅमवर सोपवणं मुळीच चालणार नाही. आता योगायोग बघा. व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला. आपण आत शिरल्याला दोन महिने होतात न होतात तोच जगाला शिष्टाचार लिहून काढायची गरज भासली. मी याला योगायोगच म्हणतो.

दुसरं प्रमाणभूत पुस्तक, म्हणजे पुस्तकाएवढं टिपण, एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचं. प्रश्न शहाण्यासारखा कसा विचारावा यावर त्यांनी ते २००१च्या सुमारास लिहिलं. टिपण चांगलं आहे, पण लांबलचक आहे. ज्याचा प्रिंटर कोरे कागद ओकतोय त्याला ते वाचायला सांगणं म्हणजे पेशंटला वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज देण्यापैकी आहे. शिवाय अनेक प्रकल्पांनी आपल्या मदतीच्या पानावर या टिपणाचा पत्ता दिल्यामुळे लोक ते पान उघडायचे आणि आपला प्रश्न थेट लेखकांनाच विचारायचे. शेवटी लेखकांना वरच ठळक लिहावं लागलं की बाबांनो, तुमच्या त्या प्रकल्पाचं मदतकेंद्र आम्ही नाही. प्रश्न कसे विचारावेत हे शिकवणाऱ्याच्याच दारात चुकीच्या प्रश्नांची रांग लागावी, याहून मोठी पावती त्या टिपणाला मिळणार नाही.

आता सर. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींमध्ये ‘कुणालाही सर किंवा मॅडम म्हणू नये’ हा जवळपास धर्म आहे. कारण रास्त आहे. सर म्हटलं की समोरच्याची चूक दाखवता येत नाही, आणि प्रोग्रॅममधली चूक तर दाखवावीच लागते. पण शाळेपासून पदवीपर्यंत ज्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात आणि शेवट ‘सर’नं झाला त्याचा हा शब्द काढून घेतला की तो अक्षरशः लुळा पडतो. आमच्या एका नव्या सदस्याला तीनदा सांगितल्यावर त्यानं लिहिलं, ‘ओके सर, आता नाही म्हणणार सर.’

इंग्रजीत हा प्रश्न सरवर संपतो. मराठीत तो तिथून सुरू होतो. चॅनलवर माणसाचं खरं नाव दिसत नाही, त्यानं घेतलेलं टोपणनाव, म्हणजे निक, दिसतं. निकवरून वय कळत नाही, बाई की पुरुष कळत नाही. मग अरे म्हणायचं की अहो? आमच्याकडे एका निकनं दुसऱ्या निकला लिहिलं होतं, ‘अरे बाबा, आधी मॅन पेज वाच, मग तोंड उघड.’ मॅन पेज म्हणजे त्या आज्ञेची माहितीपुस्तिका. महिन्याच्या भेटीत दोघं समोरासमोर आले. सल्ला देणारा बारावीत होता. ज्याला तोंड उघडायची मनाई झाली होती ते निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांनी मुलाच्या वडिलांना शिकवलं होतं. मुलगा पांढराफटक पडला. प्राध्यापक म्हणाले, ‘वाचलं मी. चौथ्या परिच्छेदात होतं.’ आता ते दोघं चॅनलवर अरे-तुरे करतात आणि भेटीत मुलगा वाकून नमस्कार करतो.

बाकीच्यांनी यावर जो तोडगा काढलाय तो मला फार आवडतो. ‘लॉग पाहिला का?’, ‘सर्व्हर बंद करून चालू केला का?’, ‘ही आज्ञा देऊन बघायला हवी.’ कोणी पाहिला, कोण बघणार, याचा वाक्यात मागमूस नाही. तू नाही, तुम्ही नाही, गेलास नाही, गेलीस नाही. कर्मणी आणि भावे प्रयोग शाळेत का शिकवले होते याचा उलगडा मला या चॅनलवर झाला. आमच्या चॅनलवर कर्ता सहसा सापडत नाही. सर्व्हर बिघडवल्याचं विचारलं तरी सापडत नाही.

शिस्तीच्या बाबतीत मला सर्वांत आदर वाटतो तो बंगालमधल्या मंडळींचा. दुर्गापूरच्या लिनक्स गटानं २००८पासून आयआरसीवर उन्हाळी वर्ग चालवले. नुसत्या अक्षरांमधून चालणारा वर्ग. सुरुवातीला हजेरी. एसएमएसमधली तोडकीमोडकी भाषा चालणार नाही, शब्द पूर्ण लिहायचा. प्रश्न असला तर आधी फक्त एक उद्गारचिन्ह टाइप करायचं, म्हणजे हात वर. आणि नंबर आल्यावरच विचारायचं. आम्ही हे मासिक व्याख्यानाला करून पाहिलं. पहिल्या पाच मिनिटांत बाराजणांनी उद्गारचिन्हं टाकली. त्यातल्या अकराजणांना प्रश्न नव्हता, त्यांना व्याख्यात्याचं म्हणणं पटलं नव्हतं. बारावा म्हणाला, ‘मी सहज दाबून बघितलं.’

निकबद्दलही नियम आहे : ‘निक वारंवार बदलू नये.’ पण निक मिळवणं हाच मुळात त्रास. १९९३च्या मे महिन्यात आयआरसीचे नियम आरएफसी १४५९ या कागदात बांधले गेले तेव्हा निक जास्तीत जास्त नऊ अक्षरांचा ठरला. यार्क्को सुखात बसतो. आपला ज्ञानेश्वर रोमन लिपीत अकरा अक्षरांचा. तो ‘ज्ञानेश्व’ होऊन उरला. आता बऱ्याच ठिकाणी मर्यादा वाढलीय, पण आमच्यातले दोन-तीन जुने लोक अजून शेपटी कापलेल्या नावानंच ओळखले जातात, आणि एकाच्या लग्नपत्रिकेवर मित्रांनी तेच छापून घ्यायचा घाट घातला होता. त्याच कागदात आणखी एक गंमत आहे. फिनलंड-स्वीडनकडच्या जुन्या संगणकांवर चौकोनी आणि महिरपी कंसांच्या जागी त्यांची ठिपकेवाली अक्षरं असायची. म्हणून आयआरसीच्या मते चौकोनी कंस हा मोठ्या लिपीतला आणि महिरपी कंस हा त्याचाच छोट्या लिपीतला अवतार. फिनिश माणसाची सोय म्हणून केलेली ही तजवीज अजून जगभर पाळली जाते. इथं ज्ञानेश्वराला दोन अक्षरं जास्त मिळेनात!

मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक पंचाईत. आयआरसीच्या एका ओळीला ५१२ बाइटची मर्यादा आहे, आणि त्यातही पाठवणाऱ्याचा पत्ता वगैरे मोजला जातो. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन घेतं. आणि चिन्ह म्हणजे अक्षरच नव्हे, काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला तर तो मोडका पायही वेगळा. ‘ज्ञानेश्वर’ या एका शब्दाला तीस बाइट लागतात. म्हणजे ओळीत जेमतेम दीडशे चिन्हं, की कात्री. काही प्रोग्रॅम उरलेला भाग पुढच्या ओळीत पाठवतात, काही गिळून टाकतात. इंग्रजी वाक्य असं तुटलं तरी काय झालं ते आधीच कळलेलं असतं. आमचं क्रियापद शेवटी. एका सदस्यानं एकदा लिहिलं, ‘काल तुम्ही सांगितलेली आज्ञा चालवली आणि माझा दहा वर्षांचा सगळा डेटा’ आणि ओळ संपली. सल्ला देणारा वीस मिनिटं घाम पुसत होता. डेटा परत मिळाला होता. आभार मानायला आलेला माणूस तोवर जेवायला निघून गेला होता.

याच्या उलट टोकाचे लोक म्हणजे दर शब्दाला एंटर मारणारे. ‘अरे’ एंटर. ‘ऐक ना’ एंटर. ‘ते काल’ एंटर. फोनवर सवय लागलेली. इथं प्रत्येक एंटरला साठ ठिकाणी एक ओळ वर सरकते. सर्व्हर स्वतः हे फार वेळ सहन करत नाही. ओळींचा पूर आला की तो माणसाला सरळ बाहेर टाकतो आणि कारण म्हणून पूर असंच लिहितो. म्हणून तीनपेक्षा जास्त ओळी चिकटवायच्या असतील तर त्या दुसरीकडे ठेवून नुसता पत्ता द्यावा, असा नियम आहे. एकानं कॉलेजच्या प्रकल्पाचा आख्खा प्रोग्रॅम चिकटवायला घेतला, नवव्या ओळीला फेकला गेला, परत आला, दहाव्या ओळीपासून पुढे सुरू केलं. त्याची चिकाटी बघून मला वाटलं होतं हा पुढे नाव काढणार. सध्या तो एका बँकेच्या ॲपवर काम करतो, हे ऐकल्यापासून मी खातं बघायला शाखेत जातो.

तिरक्या रेघेचा एक अपघात सगळ्या चॅनलांवर होतो, आमच्याकडेही झाला. आपला निक आपलाच आहे हे सिद्ध करायला पासवर्ड द्यावा लागतो आणि तो तिरक्या रेघेपासून सुरू होणाऱ्या हुकमातून द्यायचा असतो. रेघेच्या आधी चुकून एक मोकळी जागा पडली की तो हुकूम राहत नाही, साधं वाक्य होतं, आणि पासवर्ड साठ लोकांना दिसतो. ज्यांचा दिसला त्यांचा पासवर्ड बायकोच्या नावाचा असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर निघाला. काकूंना हे कळू द्यायचं नाही असा नियम नाही, पण पाळला जातो.

बाराव्या नियमावर क्लबात उघड बंड आहे. ‘विनोद केल्यास तो विनोद आहे असं दिसेल अशी खूण करावी.’ पुण्यात हे सांगायचं म्हणजे काय! विनोद करताना चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही हे इथं बाळकडू. पण खुणेची गरज फार जुनी आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाच्या सूचनाफलकावर लिफ्टमधल्या पाऱ्याबद्दल काही थट्टा चालली होती. ती कुणीतरी खरी मानली, लिफ्टमध्ये खरंच पारा सांडलाय असं पसरलं. त्यावर स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ला सुचवलं की थट्टा असेल तिथं :-) अशी खूण करा. आजच्या पिवळ्या तोंडांच्या प्रजेचा पूर्वज म्हणून अनेक जण याच खुणेकडे बोट दाखवतात. आमच्याकडच्या एका जुन्या सदस्यानं एका नवशिक्याला ‘सगळ्यात सोपा उपाय म्हणजे संगणक विहिरीत टाकणे’ असं बिनखुणेचं लिहिलं. नवशिक्या उपनगरातल्या चौथ्या मजल्यावर राहणारा. त्यानं विचारलं, ‘बोअरवेल चालेल का?’ यातला विनोद कुणी केला यावर अजून एकमत नाही. दोघांपैकी एकानंही खूण केली नव्हती.

@ या चिन्हाकडे आता यायला हवं, कारण नियम मोडल्यावर जे काय होतं ते या चिन्हवाल्याच्या हातून होतं. त्याला ऑप म्हणतात. तो माणसाला लाथ मारू शकतो (आज्ञेचं नावच किक आहे), कायमचा बंद करू शकतो, चॅनलच्या माथ्यावरची ओळ बदलू शकतो. चांगल्या ऑपचा शिष्टाचार असा की @ एरवी उतरवून ठेवायचं, गरज पडली की चढवायचं, काम झालं की परत उतरवायचं. आपल्याकडे मिळालेलं चिन्ह उतरवून ठेवायची प्रथा नसल्यानं हा नियम पाळला जाताना पाहिला की मी थोडा वेळ बघत राहतो.

सुरुवातीच्या काळात तर हे चिन्ह मिळायचं कसं, तर रिकाम्या चॅनलमध्ये जो पहिला शिरेल त्याला. मग लोक काय करत? आयआरसी म्हणजे एकमेकांना जोडलेले पुष्कळ सर्व्हर. मधली तार तुटली की चॅनलचे दोन तुकडे होतात आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की पलीकडचे निघून गेले. ही फूट पडायची वाट बघत काही जण दबा धरून बसत, एखाद्या तुकड्यात रिकामं चॅनल सापडलं की शिरत, @ मिळवत, आणि तार जुळली की मूळ मालकांना बाहेर काढत. यावर उपाय म्हणून बऱ्याच जाळ्यांवर चॅनलची नोंदणी करणारे यांत्रिक कारकून आले. फूट पडल्यावर परत जुळताना नाव आणि हक्क कुणाचा मानायचा, ज्याची वेळ आधीची त्याचा, की काही काळ ते नाव कुणालाच द्यायचं नाही, यावरून मोठ्या लोकांतही बेबनाव होता. इतरही कारणं होती. १९९६च्या जुलैत एफनेट हे जाळंच फुटलं. युरोपातले बरेच सर्व्हर वेगळे होऊन आयआरसीनेट झालं, अमेरिकेकडचं एफनेट राहिलं. दोन्ही आजतागायत वेगवेगळी नांदतात. भाऊबंदकी ही फक्त आपलीच मक्तेदारी आहे असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं माहेरघर होतं फ्रीनोड. २०२१च्या मे महिन्यात मालकीवरून तिथं भांडण झालं, सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लिबेरा या नावानं नवं जाळं उभारलं. पुढच्या काही दिवसांत ज्या चॅनलांच्या माथ्यावर ‘आम्ही लिबेराला गेलो’ अशा अर्थाची ओळ होती त्यातली शेकडो चॅनलं फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी ताब्यात घेतली. म्हणजे घर सोडताना दारावर नवा पत्ता लावला म्हणून घर जप्त. ज्यांचं अजून जायचं ठरत नव्हतं त्यांचं त्या आठवड्यात ठरलं.

एवढं झालं तरी शिक्षा म्हणून लाथेपेक्षा मासा बरा, असं आमच्या चॅनलवर मानतात. १९९५ला आलेल्या एमआयआरसी या प्रोग्रॅमच्या मेनूत, समोरच्याला भल्यामोठ्या ट्राउट माशानं थोबाडल्याचं जाहीर करायची सोय आहे. कुणाला लागत नाही, पण अपमान व्यवस्थित होतो. ट्राउट आपल्या बाजारात कुठला मिळायला! आमच्या मालवणच्या सदस्यानं मेनू बदलून बांगडा घातला. मग शाकाहारी सदस्यांनी पडवळाची मागणी केली. दोन्ही मिळाली. संकष्टीला मासा चालतो का, हा प्रश्न आला तेव्हा ऑपनं @ चढवलं आणि विषय बंद केला.

चौदा नियम जास्त होतात, एवढे कुणी वाचत नाही, अशी तक्रार गेल्या वर्षी आली. तरुण सदस्यांचं म्हणणं, एकच नियम ठेवा : समंजसपणे वागावं. टाळ्या पडल्या, म्हणजे तशा अर्थाच्या ओळी आल्या. मग प्राध्यापकांनी विचारलं, समंजसपणाची व्याख्या? ती ठरवायला पोटनियम एक (अ) आला. व्याख्येत किराण्याची यादी बसते की नाही यावर एक (आ). बॉटशी समंजसपणे वागणं बंधनकारक आहे का, कारण तो सदस्य नाही, यावर एक (इ). कुणीतरी एआयला विचारून त्याचं सहा परिच्छेदांचं उत्तर चिकटवलं, त्यावर एक (ई) : यंत्रानं लिहिलेलं चिकटवू नये. हा पोटनियम बॉटनं वाचून दाखवला. सध्या मसुदा एक (ध)पर्यंत आलाय. मतदान दिवाळीनंतर सुरू झालं, साठपैकी चार मतं पडली आहेत, आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना सर्व्हर अजून हजर दाखवतो आहे.